वन पीस पहिल्यांदाच बघतेय, पुढे जाऊ का? (आर्लाँग पार्कच्या पुढची गोष्ट फोडू नका)

मयेकाठ

नमस्कार मंडळी.

मी डिचोलीत राहते, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत लुफी, झोरो, नामी या नावांवरून तावातावाने भांडतात. घरात भाचाही त्याच पंथाचा. त्याच्या शेजारी बसून 'वन पीस' लावलं आणि बघता बघता आर्लाँग पार्क, म्हणजे ४४व्या भागापर्यंत पोचले. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, हा प्रकारच माझ्यासाठी नवीन.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल डी. रॉजर हा चाच्यांचा राजा. त्याला भर चौकात मृत्युदंड देतात आणि मरता मरता तो सांगून जातो की माझा सगळा खजिना एका जागी ठेवलाय, हवा तर शोधा. झालं, सगळं जग समुद्रावर लोटतं. त्यातच लुफी नावाचा एक पोरगा. सैतानी फळ खाल्ल्यामुळे त्याचं अंग रबरासारखं ताणतं, पण त्याच फळापायी त्याला पोहता येत नाही. आणि याला व्हायचंय चाच्यांचा राजा!

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते या गोष्टीने की चाच्यांच्या या कथेत नायक लूटमार करतच नाही. त्रास देतात ते सत्तेवरचे. आरमाराच्या पहिल्याच ठाण्यावर बघा. झोरो हा तलवारबाज, पुढे लुफीचा साथीदार होणारा. त्याला खांबाला बांधून उपाशी ठेवलंय. रिका नावाची चिमुरडी त्याच्यासाठी भाताचे गोळे घेऊन येते, गोड आवडतील म्हणून त्यात साखर घातलेली. कॅप्टनचा लाडावलेला मुलगा ते गोळे बुटाखाली तुडवतो. ती गेल्यावर झोरो लुफीला म्हणतो, तो चिखलातला गोळा उचल, मला दे. मातीसकट कचकच चावून गिळतो आणि म्हणतो, तिला सांग, छान झाला होता. मला झोरो तिथेच पटला.

मग नामी, लुफीबरोबरची नकाशे काढणारी मुलगी. तिच्या लहानपणी आर्लाँग हा चाचा तिच्या गावावर महिन्याचा कर बसवतो, मोठ्या माणसामागे १ लाख बेरी (तिथलं चलन), मुलामागे ५० हजार. नामी आणि तिच्या बहिणीला वाढवणाऱ्या बेलमेरच्या घरात जेमतेम १ लाख. तेवढ्यात तिचा स्वतःचा जीव वाचला असता, कारण दोन्ही मुली तिच्या पोटच्या नाहीत, गाव त्यांना लपवायला तयार आहे. ती ते पैसे मुलींच्या नावाने भरते आणि गोळी खाते. पुढे आठ वर्षं नामी त्याच आर्लाँगसाठी नकाशे काढते, चोऱ्या करते, १० कोटी जमवून गाव सोडवून घ्यायचं म्हणून. पैसे जमत आले की ते जप्त करायला कोण येतं? आरमाराचा कप्तान नेझुमी, आर्लाँगचा हप्ता खाणारा.

तर दोन प्रश्न. कायदा कुणाचा आणि गुन्हेगार कोण, हा धागा ही मालिका पुढे नेते, की हे एवढ्यापुरतंच? आणि ११००च्या वर भाग आहेत म्हणतात. शाळा, पेपर तपासणं, घर सांभाळून हे बघायचं कसं?

लाट_११

मॅडम, ४४ म्हणजे अजून धक्का सोडलाय फक्त! पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, हो आणि हो. जास्त बोललो तर फुटेल, म्हणून गप्प.

आबोली

वाचनखूण साठवली. माझा मुलगा तिसरीत आहे आणि तोही मागे लागलाय. दाखवावं का, तेही कुणीतरी सांगा.

तारवटी

मयेकाठताई, तुम्ही बाराटी हे तरंगतं हॉटेल वगळून थेट नामीवर गेलात, हे काही बरोबर नाही.

मी बोटीवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम करतो. माझ्यासाठी ही मालिका तिथल्या कुकपासून, सांजीपासून सुरू झाली. तो गिन आठवतो? शत्रूचा माणूस, भुकेने पोट खपाटीला गेलेलं, खिशात दमडी नाही. हॉटेलातला पॅटी त्याला बडवून बाहेर टाकतो. सांजी काही न बोलता मागच्या बाजूला भाताची थाळी नेऊन ठेवतो. तो माणूस रडत रडत खातो. उपाशी आहे ना, मग तो कोण हे विचारायचं नाही, एवढाच त्याचा नियम.

तो नियम कुठून आला तेही दाखवलंय. बोट फुटून लहानगा सांजी आणि झेफ (आताचा हॉटेलमालक, तेव्हाचा चाचा) एका उघड्या खडकावर ८५ दिवस अडकतात. झेफ लहान पिशवी पोराला देतो, मोठी स्वतःकडे ठेवतो. पोराला वाटतं म्हाताऱ्याने जास्तीचं खाणं ढापलं. शेवटी तो सुरी घेऊन जातो आणि ती मोठी पिशवी कापतो तर आत नुसते दागिने आणि नाणी. अन्न सगळंच्या सगळं पोराला दिलेलं होतं.

समुद्र खवळला की आमच्याकडे शेगडीवरची भांडी लोखंडी पट्ट्यांत अडकवावी लागतात, तरी कालवण सांडतंच. तशातही जेवणाची वेळ चुकली तर पूर्ण क्रूचं तोंड उतरतं. कॅप्टनपासून ऑइलरपर्यंत सगळे गॅलीच्या दारात डोकावून जातात. हे ज्याने लिहिलंय त्याला बोटीवरच्या जेवणाचं मोल नक्की कळलेलं आहे. लुफी क्रू गोळा करताना तोफची शोधत नाही, आधी कुक शोधतो!

सत्तरीकर

मी थोडं उलट बोलतो, राग नसावा.

खरे चाचे असे नव्हते. किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं धरून गुलाम म्हणून विकली, जहाजावरच्या प्रवाशांचे हाल केले. आपल्या पश्चिम किनाऱ्याने हे भोगलंय. आणि आता मुलं कवटीचं निशाण छापलेले टी-शर्ट घालून फिरतात. काल्पनिक आहे मान्य, पण चाचा हाच नायक करायची गरज होती का? दर्यावर्दी म्हणा, संशोधक म्हणा, शोधयात्री म्हणा.

जुनीकागदं

सत्तरीकर, राग कसला, मुद्दा रास्त आहे. पण आपल्याच किनाऱ्याचा इतिहास बघितला तर हे प्रकरण इतकं सरळ राहत नाही.

पोर्तुगीज आले आणि त्यांनी कार्ताझची पद्धत बसवली. कार्ताझ म्हणजे परवाना. अरबी समुद्रात शतकानुशतकं व्यापार करणाऱ्या जहाजांनी तो घ्यायचा, ठरलेल्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची. कार्ताझ नसलेलं जहाज पकडायला ते मोकळे. आता सांगा, यात लुटारू कोण? आर्लाँगच्या माणशी १ लाखाला आणि या कार्ताझला मी एकाच रांगेत बसवतो.

दुसरं उदाहरण तिमोजाचं. होन्नावरकडचा, समुद्रावर लूट करणारा म्हणून नाव असलेला माणूस. १५१० मध्ये गोव्यावर चालून जा, असं पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कला सुचवणारा हाच, आणि मदतीला उतरणाराही हाच. फौजेला उपयोगी पडला की लुटारू मित्र होतो. मयेकाठ, तुम्ही बाराटीत मिहॉक बघितलाय. तो सरकारमान्य सात चाच्यांपैकी एक, शिचिबुकाई. सरकारच काही चाच्यांना अभय देतं, ही कल्पना लेखक ओदाने हवेतून काढलेली नाही. युरोपातले राजे युद्धकाळात खासगी जहाजांना शत्रूची जहाजं लुटायचे परवाने देत असत.

आणि आंग्रे. कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. ते स्वतःचे परवाने देत आणि ते न घेणारी जहाजं पकडत, म्हणजे पोर्तुगीज करत होते तेच. पण इंग्रजांच्या कागदांत ते चाचे!

सत्तरीकर

कान्होजींना कृपया या यादीत घालू नका. ते राज्याचे अधिकारी होते, त्यांच्या नावाने आज मुंबईत नौदलाचा तळ आहे, आय.एन.एस. आंग्रे.

जुनीकागदं

अहो, मीही तेच म्हणतोय. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परत आले. हरलेल्यांनी लिहून ठेवलं की तो चाचा. कुणाच्या दप्तरातून वाचता यावर ठरतं.

त्याच १७२१ ची आणखी एक गोष्ट, आणि ही थेट गोव्याची. कारकीर्द संपलेला व्हाइसरॉय, काउंट ऑफ एरिसेरा, गोव्याहून 'नोस्सा सेन्योरा दो काबो' या जहाजाने लिस्बनला निघाला. वाटेत वादळाने डोलकाठ्या मोडल्या, वजन कमी करायला तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. कसंबसं जहाज आजच्या रियुनियन बेटाला लागलं. एप्रिलमध्ये जॉन टेलर आणि ऑलिव्हिए लव्हासूर या चाच्यांनी तिथेच ते धरलं. हिरे आणि पूर्वेकडचा मौल्यवान माल भरलेलं, आणि तोफांविना. समुद्री लुटीच्या इतिहासात ही सगळ्यात मोठ्या लुटींपैकी एक मानतात.

लव्हासूरला ७ जुलै १७३० रोजी त्याच बेटावर फाशी दिलं. दंतकथा अशी की फासावर चढताना त्याने सांकेतिक अक्षरांचा एक कागद गर्दीत भिरकावला आणि ओरडला, माझा खजिना शोधा, ज्याला हे उलगडेल त्याचा! कागदाची गोष्ट खरी असेलच असं नाही, पण लोक आजही रियुनियन आणि सेशेल्समध्ये खणतायत. आता पहिल्या भागातला रॉजरचा मृत्युदंड परत बघा.

लाट_११

म्हणजे वन पीस गोव्यातून गेलेला आहे!!! मी उद्या कॉलेजात हे सगळ्यांना सांगणार.

जुनीकागदं

सांग, पण ओदाने लव्हासूरवरूनच रॉजर बेतला असं सांगू नको, तसा पुरावा माझ्याकडे नाही. नावांचं मात्र उघड दिसतं. रोरोनोआ झोरोमधलं रोरोनोआ हे लोलोने या फ्रेंच चाच्याच्या नावाचं जपानी रूप. अल्व्हिडा, बेलामी, बॉनी, ही सगळी जुन्या चाच्यांची नावं.

कुळागर

मी आर्लाँग पार्कलाच सोडलं होतं. गोष्ट छान, पण एकेक भांडण किती लांबवायचं! एक ठोसा मारायला दोन भाग. त्यात दर वेळी आधीच्या भागाची उजळणी.

पेडणेकरीण

कुळागर, तुम्ही दशावतार बसून बघितलाय ना? आमच्याकडे जत्रेत रात्रभर चालतो. राक्षस येतो, स्वतःचं नाव-गाव-पराक्रम सांगतो, मृदंगावर चार गिरक्या घेतो, मग राजाची एंट्री, परत तेच. लोक कंटाळत नाहीत, कारण त्यांना युद्ध किती वेळात संपतं याची घाई नसते, तो राक्षस उभा कसा राहतो हे बघायचं असतं. वन पीस मी त्याच सवयीने बघते. आर्लाँग हसत हसत पाण्यातून बाहेर येतो तेव्हा मला घाई नसते.

कुळागर

हे पटलं. पण दशावतार पहाटे संपतो हो!

रापण

जहाजाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो.

लुफीचा साथीदार उसोप, त्याच्या गावातून मिळालेलं यांचं जहाज गोइंग मेरी ही कॅराव्हेल आहे, मालिकेत तसं सांगितलंय. पोर्तुगीज पंधराव्या शतकात आफ्रिकेचा किनारा शोधत खाली सरकले ते याच जातीच्या जहाजांतून. लहान, हलकी, उथळ पाण्यात जाणारी. तिकोनी शीड असलं की वारा समोरून तिरका येत असला तरी जहाज नागमोडी पुढे काढता येतं, चौकोनी शिडाला ते फारसं जमत नाही. मेरीवर मोठं चौकोनी शीड आहे, त्यावर कवटी आणि टोपी, आणि मागच्या डोलकाठीवर तिकोनी. वास्को द गामाच्या १४९७ च्या ताफ्यातही एक कॅराव्हेल होती, बेरियो.

आमचा धंदा मासेमारीचा. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, जाळी विणणं, होड्या दुरुस्त करणं चालतं, तेव्हाच मी हे सगळं बघितलं. पोरांनी टीव्हीवर लावलं, मी जाळं घेऊन बसलो होतो. त्यातलं हवामान अर्थातच गोष्टीतलं. पण नामी वाऱ्याचा वास घेऊन वादळ सांगते, ते आमच्या वडिलांना येत होतं. आभाळ निरभ्र असताना ते होडी वर ओढायला सांगायचे. आम्ही कुरकुरत ओढायचो.

तारवटी

रापणदादा, एक नंबर. बोटीवर आता सगळं स्क्रीनवर दिसतं, तरी आमचा जुना सेरांग (खलाशांचा मुकादम) डेकवर येऊन एकदा नाक वर करून बघतोच.

आबोली

मुलाचं कुणी सांगेल का हो?

पेडणेकरीण

आबोली, तिसरीसाठी मी थांबेन. मारामारी रक्तासकट आहे, बेलमेरचा मृत्यू मुलींच्या डोळ्यांदेखत होतो, नामी स्वतःच्या दंडावरच्या खुणेत सुरी खुपसते. पाचवी-सहावीनंतर शेजारी बसून दाखवा. आणि आणखी एक, मला ही मालिका मनापासून आवडते तरी बोलते. पुढे पुढे बायकांची चित्रं अशी काढलीत की मुलीबरोबर बघताना मला राग येतो. नामीसारखं पात्र लिहिणाऱ्याला हे करायची काहीच गरज नव्हती.

लाट_११

ताई, ते मात्र खरंय. माझ्या बहिणीनेही हेच म्हटलं.

बिंबलं

सैतानी फळाची चव भयंकर असते म्हणे. आमच्या परसातलं आंबटढाण बिंबल तेच झाड आहे बहुतेक. :)

रापण

बिंबलाला नाव ठेवू नका! बांगड्याच्या हुमणात चार पडली की दुसरं काही नको.

तारवटी

आता भूक लागली. इथे बोटीवर आज पास्ता आहे.

मयेकाठ

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. जुनीकागदं, 'काबो' जहाजाची हकीकत मी वर्गात सांगणार. आमच्या पुस्तकात अल्बुकर्क येतो, पण गोव्याहून निघालेलं धन रियुनियनला लुटलं गेलं हे मुलांना ठाऊकच नाही.

सत्तरीकर, तुमच्या प्रश्नावर मी रात्री विचार करत होते. मला वाटतं इथे चाचा हाच नायक हवा होता. लुफी संशोधक असता तर कुणाच्या तरी परवान्याने, कुणाच्या तरी पैशाने निघाला असता. त्याला कुणाची परवानगी नकोय, आणि दुसऱ्यांनी त्याच्याकडून परवानगी घ्यावी असंही त्याला वाटत नाही. आर्लाँगही स्वतःला चाचाच म्हणवतो. दोघांत फरक काय, तर एक कर गोळा करतो आणि दुसरा नाही. खऱ्या चाच्यांनी काय केलं ते मुलांना शिकवायलाच हवं, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण टी-शर्टवरच्या त्या कवटीला लुफीची गवती टोपी आहे, आणि ती टोपी कुठे कुठे गेली ते मुलांना नीट माहीत आहे.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली जागा सांगते. लुफी आर्लाँगशी लढत वरच्या खोलीत पोचतो. खोलीभर नामीने काढलेले नकाशे. तिथे तिची लेखणी पडलेली असते, तिच्यावर वाळलेलं रक्त. लहान मुलीला कोंडून, बोटं सोलवटेपर्यंत नकाशे काढायला लावलेत. आर्लाँग अभिमानाने सांगतो की माझ्याइतकं या मुलीचं चीज कुणी करणार नाही. लुफी त्याच्याशी वाद घालत नाही. तो टेबल, कपाटं, नकाशे खिडकीतून बाहेर फेकत सुटतो आणि शेवटी अख्खी इमारत पाडतो. नकाशे काढणं हे तिचं स्वतःचं स्वप्न, सगळ्या जगाचा नकाशा करायचा. तेच स्वप्न कुणीतरी कामाला जुंपलं होतं. हुशार मुलीला घरात बसवून 'तुझ्याच भल्यासाठी' राबवून घेणारी माणसं मी शाळेत पालक म्हणून भेटलेली आहेत. त्या खोलीचा विध्वंस बघताना मला फार बरं वाटलं.

सत्तरीकर

मयेकाठ, कर गोळा करणारा आणि न करणारा, हा फरक मान्य. खरे चाचे तसे नव्हते हे मी म्हणतच राहीन, पण पहिला भाग आज लावतो.

जुनीकागदं

त्या खोलीबद्दल कुणी असं लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. धन्यवाद.

लाट_११

मॅडम, आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो सगळेच विसरले.

४५व्या भागात लुफीवर पहिलं इनाम लागतं, ३ कोटी बेरी. ते चुकवू नका. मग रॉजर जिथे मेला ते लोगटाउन, ४८ ते ५३. ५४ ते ६१ मूळ मांगात, म्हणजे ज्यावरून ही मालिका केली त्या जपानी चित्रकथेत, नाहीत, सरळ सोडा. ७८ ते ९१ ड्रम बेट, हे शनिवार-रविवारी ठेवा, पेपर तपासायच्या दिवशी नको. १३०ला अलाबास्ता संपतं. तिथे थांबून ठरवा.

कुळागर

किंवा मांगा वाचा. १९९७ पासून चालू आहे, ११०च्या वर खंड झालेत. आर्लाँग पार्क ११व्या खंडातच संपतं, यावरून वेग कळेल. ॲनिमे १९९९ला सुरू झालं आणि पुढे मांगाला गाठू नये म्हणून रेंगाळत गेलं. सुरुवातीच्या भागांत तो त्रास कमी आहे, हे मात्र खरं.

पेडणेकरीण

आणि जपानी आवाजातच बघा हो. मायुमी तनाका १९९९ पासून लुफीचा आवाज देतेय. नामी "मदत कर" म्हणते आणि लुफी तिच्या डोक्यावर टोपी ठेवून जो ओरडतो, तो आवाज दुसऱ्या कुणाचा ऐकवत नाही.

मयेकाठ

ठरलं तर. लोगटाउन या आठवड्यात, ड्रम बेट सहामाहीचे पेपर संपल्यावर. भाच्याला ५४ ते ६१ सोडायचं सांगितलं तर तो भडकला, त्याला तेही आवडतात म्हणे. मी सोडणार आहे. अलाबास्ता झालं की याच धाग्यावर लिहीन, तोवर कुणी पुढचं फोडू नका.

तारवटी

फोडत नाही. फक्त ड्रम बेटाला रुमाल जवळ ठेवा.

लाट_११

तारवटी!!! हेच फोडणं असतं!